चाहूल : सायकल, अस्वल आणि अजिंठ्याचे डोंगर

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच गाडीच्या टपावर सायकली बांधून आम्ही चौघे निघालो आणि उजाडता उजाडता अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बुलढाण्याकडच्या अंगाला एका वाडीजवळ उतरलो. वाडीचे नाव मुद्दामच देत नाही. वाडीच्या वरून एक मुरुमाची बैलगाडीवाट डोंगराच्या सोंडेवरून खाली नाल्यापर्यंत उतरते. दोन्ही बाजूंना बोरी, पळस आणि मधूनमधून घाणेरीचे रान. दव पडल्यामुळे धूळ बसलेली होती. चाकांचा आवाज म्हणावा असा येतच नव्हता. मी सर्वांत पुढे होतो. उतार लागला तसे पाय थांबवले आणि सायकल आपोआप सुटली.

तिसऱ्या वळणावर वाटेच्या मधोमध काळे काहीतरी दिसले. पहिल्या क्षणी ते मला जळक्या बुंध्यासारखे वाटले. दोन्ही ब्रेक आवळले, मागचे चाक घसरत बाजूला गेले आणि मी सायकलीसह आडवा झालो. मान वर केली तेव्हा पंधरा-वीस हातांवर अस्वल दोन पायांवर उभे होते आणि त्याच्या पाठीच्या केसांत एक पिल्लू घट्ट रुतून बसले होते. भात्यातून हवा सुटावी तसा एक हुंकार ऐकू आला. मग ते चार पायांवर आले, दोन-तीन ढांगा माझ्या दिशेने टाकल्या, थांबले आणि एकाएकी वळून नाल्यात उतरले. हे सगळे पाच-सहा सेकंदांत संपले. मी काहीही शहाणपणा केला नव्हता. वाचलो तो केवळ तिने मन बदलले म्हणून.

वाडीत परतल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी पाणी दिले. माझे खरचटलेले कोपर पाहून ते म्हणाले, "त्याची काय चूक न्हाई, भाऊ. तुमची सायकल मांजरावानी येती. त्याला कळावं कसं?" थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला कोपरापेक्षा जास्त लागली. "आता ते चार दिस बिथरलेलं ऱ्हाईल. आमच्या बाया उद्या त्याच नाल्यात सरपणाला जात्यात."

हा लेख त्या दोन वाक्यांमुळे लिहावासा वाटला. डोंगरातली सायकलस्वारी आता आपल्याकडे रुजली आहे. दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ, वेरूळ या वाटांवर रविवारी सकाळी हेल्मेटधारी घोळके दिसतात आणि ज्यांना डांबराचा कंटाळा येतो ते कन्नड, सोयगाव, बुलढाण्याच्या डोंगरवाटा शोधू लागतात. या वाटांवर अस्वलापासून कसे सांभाळावे, हा प्रश्न वरवर पाहता छंदाचा वाटतो. थोडे खोलात गेले की तो अस्वलाच्या शरीराशी, सायकलीच्या गणिताशी आणि त्याच वाटेवर पायी चालणाऱ्या माणसांशी जाऊन भिडतो.

एकच डोंगर, अनेक नावे

नकाशावर पाहिले तर सातमाळा-अजिंठ्याची रांग ही एक सलग भिंत आहे. पश्चिमेला कन्नडजवळ गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पितळखोऱ्याची लेणी याच परिसरात आहेत. पूर्वेकडे रांग अजिंठ्याच्या लेण्यांवरून पुढे सरकत बुलढाण्यात जाते. तिथे बोथ्याच्या जंगलात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता याच जंगलातून जातो. गौताळ्याच्या प्राण्यांच्या यादीत अस्वलाचे नाव आहे. पण अस्वलांचे खरे नांदते घर म्हणावे असे या रांगेतले जंगल ज्ञानगंगेचे.

मधल्या गावांनी, शेतांनी आणि रस्त्यांनी ही भिंत ठिकठिकाणी फुटली असली तरी प्राण्यांच्या दृष्टीने ती अजून तुटलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला, तेव्हा त्याच्या वाटचालीची बातमी देशभर गेली. पुढे २०२१च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट गौताळ्यात दिसला. नाले, गायराने, कापसाची शेते आणि डोंगराच्या कडा धरत वाघ इतके अंतर काटू शकतो, तर अस्वलालाही अभयारण्याची हद्द पाळण्याचे कारण नाही. 'अभयारण्याबाहेर आहोत, म्हणजे सुरक्षित आहोत' ही समजूत सायकलस्वाराने पहिल्यांदा सोडावी.

आळशी नावाचा चपळ प्राणी

आपल्याकडच्या अस्वलाला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' म्हणतात. त्या नावामागे एक गंमतीदार चूक आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गअभ्यासकाने या प्राण्याची लांब नखे आणि दातांची ठेवण पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला उलटे लटकणाऱ्या 'स्लॉथ' या मंद प्राण्याच्या कुळात टाकले. हे अस्वल आहे हे लवकरच लक्षात आले; पण आळसाचा शिक्का नावात राहून गेला. प्रत्यक्षात हे अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते आणि मोठेपणीही झाडावर चढते.

त्याचे मुख्य अन्न वाळवी आणि मुंग्या. त्यासाठी त्याच्या तोंडाची रचनाच बदललेली आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात नसतात, ओठ लांब आणि लवचीक असतात, नाकपुड्या मिटून घेता येतात. वारूळ नखांनी फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची आणि दातांमधल्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. सायकलस्वाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वाऱ्याचा आवाज कानात नसेल तर अस्वल दिसण्याआधी ऐकू येऊ शकते. मात्र खाण्यात गुंतलेल्या अस्वलाला स्वतःच्याच आवाजात तुमची चाहूल लागत नाही.

त्याचे नाक विलक्षण तल्लख आहे, पण नजर अधू आणि कानही फारसे तिखट नाहीत. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहत असेल तर नाकही निरुपयोगी ठरते. अशा वेळी अगदी जवळ येईपर्यंत माणूस आला आहे हे त्याला ठाऊकच नसते. दिवसा ते कपारीत, नाल्याच्या काठच्या झुडपात, घाणेरीच्या जाळीत गाढ झोपते. या झोपेतून दचकून उठलेले अस्वल अंगावर येण्याची शक्यता सर्वाधिक.

दचकलेले हरीण पळते. दचकलेले अस्वल पुष्कळदा चालून येते. याचे स्पष्टीकरण अभ्यासक त्याच्या इतिहासात शोधतात. हा प्राणी हजारो पिढ्या वाघ आणि बिबट्यांच्या शेजारात वाढला. त्याचे अन्न उघड्या माळावर, झुडपांत, जमिनीवर. लांब, बाकदार नखे खणायला उत्तम. पण वाघ समोर असताना दरवेळी झाड गाठता येईलच असे नाही. पिल्ले तर पाठीवरच असतात. अशा प्राण्यासाठी पळण्यापेक्षा आधी अंगावर जाऊन समोरच्याला हबकवणे हाच तगून राहण्याचा मार्ग ठरला. माणसावर तो चालून येतो तेव्हा त्याला माणूस खायचा नसतो. त्याला फक्त मोकळी वाट हवी असते. तेवढ्यासाठी तो जो फटका मारतो, तो मात्र बहुधा चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतो.

या फटक्याची किंमत आकड्यांतून कळते. १९८९ ते १९९४ या काळात तत्कालीन मध्य प्रदेशात अस्वलांच्या हल्ल्यांत ७३५ माणसे सापडली, त्यांतली ४८ दगावली, अशी नोंद संशोधकांनी केली आहे. छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ हल्ले झाले आणि ११ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले निम्म्याहून अधिक हल्ले परसबागा, शेते आणि त्यांना लागून असलेल्या रानात झालेले होते. बहुतेक माणसे वाचतात, हे या आकड्यांवरून दिसते. वाचलेल्यांपैकी कित्येकांचा डोळा, नाक, जबडा कायमचा जातो, हे मात्र आकड्यांत दिसत नाही. आणि ही माणसे सहलीला आलेली नव्हती. मोहफुले, तेंदूपाने, सरपण गोळा करणारी, गुरे राखणारी आणि पहाटे शेताला निघालेली ही माणसे होती.

वीस मीटरचे गणित

आता सायकलीकडे वळू. चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. वळणापलीकडे वीस मीटरवर अस्वल असेल, तर त्याच्यापर्यंत पोहोचायला त्याला चौदा सेकंद लागतात. तेवढ्यात पाचोळा वाजतो, खोकला येतो, वास पोहोचतो. अस्वल बाजूला होते किंवा माणूस थबकतो. उतारावर ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारा सायकलस्वार तेच वीस मीटर तीन सेकंदांत संपवतो.

थांबण्याचे गणितही मांडून पाहावे. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. सुट्या मुरुमावर चाक न घसरता जेवढा ब्रेक लावता येतो तेवढा धरला, तर ताशी १५ किलोमीटरला सायकल सुमारे सात मीटरमध्ये थांबते, २५ला पंधरा मीटरमध्ये आणि ३५ला पंचवीस मीटरमध्ये. वाट वीस मीटर दिसत असताना ताशी ३५ने जाणे याचा अर्थ, जे काही वळणापलीकडे आहे त्याच्यावर जाऊन आदळण्याची तयारी ठेवणे. तिथे अस्वलाऐवजी बकऱ्यांचा कळप किंवा मोळी घेतलेली बाई असू शकते. दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, हा साधा नियम तिघांनाही वाचवतो.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ २९ जून २०१६ रोजी एक अनुभवी सायकलस्वार आंधळ्या वळणावर ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केले. तो स्वतः अमेरिकेच्या वनसेवेत अधिकारी होता. त्या रानाची त्याला पुरेपूर माहिती होती. चौकशी मंडळाने काढलेला निष्कर्ष असा की त्याचा वेग ताशी ३२ ते ४० किलोमीटर असावा आणि अस्वल दिसल्यापासून आदळेपर्यंत त्याला एक-दोन सेकंदच मिळाले असावेत. त्या आधी, २०००च्या सुमारास, कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या मोरेन सरोवराजवळच्या एका वाटेचा अभ्यास झाला होता. अस्वलांच्या हल्ल्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक स्टीफन हेरेरो त्यात होते. त्या वाटेवर पायी चालणारे कितीतरी जास्त होते, तरी अस्वलाशी अचानक गाठ पडण्याचे प्रसंग सायकलस्वारांच्या वाट्याला त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त आले होते. वेग आणि शांतता ही सायकलीची दोन सुखे जंगलाच्या वाटेवर एकत्र आली की ती घातक ठरतात, हे दोन्ही ठिकाणी दिसले. वाडीतल्या बाबांनी तेच चार शब्दांत सांगितले होते.

मौनाचा संस्कार

मराठी वाचकाला जंगल बहुतांशी पुस्तकांतून भेटले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा', मारुती चितमपल्ली यांचे लेखन वाचून आमच्या पिढीने जंगलात पाऊल टाकले. जंगलात बोलू नये, हसू नये, भडक कपडे घालू नयेत, पाणवठ्यावर दगडासारखे बसून राहावे, हा संस्कार आमच्यात तिथून आला. तो योग्यच आहे. पण तो बसून पाहणाऱ्याचा संस्कार आहे. मचाणावर गप्प बसलेल्या माणसापाशी प्राणी आपल्या पायांनी, आपल्या वेगाने येतो. अंतर किती ठेवायचे ते तो ठरवतो. सायकलस्वार प्राण्यावर जाऊन पडतो आणि अंतर ठरवण्याचा प्राण्याचा हक्क काढून घेतो. त्यामुळे बसलेल्याने गप्प राहणे ही जशी सभ्यता, तशी वेगाने जाणाऱ्याने आपण येत असल्याची वर्दी देणे हीही सभ्यताच.

आपल्या जुन्या वाटांना ही वर्दी ठाऊक होती. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असत, डाकेच्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरू असत, गुराखी उगाच हाळ्या घालत. सरपणाला निघालेल्या बायका मोठ्याने गप्पा मारत चालतात, त्यालाही हे एक कारण असावे. मग आपणही हँडलला घंटी बांधली की झाले का? बारीक किणकिणणाऱ्या घंटीवर भरवसा ठेवू नये. ती फार लांब पोहोचत नाही आणि तिचा माणसाशी संबंध प्राण्याने जोडलेला असेलच असे नाही. माणसाचा भरदार आवाज सर्वांत चांगला. वळण येण्याआधी, झाडी दाटण्याआधी, नाला ओलांडण्याआधी वेग कमी करून मोठ्याने "होऽ होऽ" असा आवाज द्यावा. वाहत्या पाण्याजवळ आणि वारा समोरून येत असेल तेव्हा तर नक्की द्यावा. सुरुवातीला लाज वाटते. दोन-तीन वळणांनंतर ती जाते. एका जागी लाऊडस्पीकर लावून सगळे रान ढवळून काढणे मात्र वेगळे. त्याला वर्दी म्हणत नाहीत.

निघण्याआधी आणि वाटेवर

पहिली गोष्ट कायद्याची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून जाणारा सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरायला परवानगी लागते. 'वाट दिसली, घातली सायकल' हे चालत नाही. परवानगीच्या निमित्ताने वनरक्षकाशी बोलणे होते आणि अस्वल सध्या कोणत्या नाल्यात आहे हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. त्याच्याखालोखाल माहिती गुराख्याला. वाडीत पाच मिनिटे थांबून विचारण्याने जे कळते ते मोबाइलच्या नकाशावर कळत नाही.

वेळ दुसरी गोष्ट. अस्वलाचा वावर मुख्यतः रात्री आणि दोन्ही सांजांना असतो. पहाटे लवकर निघण्याची आम्हा सायकलवाल्यांची सवय इथे उलटी पडते. जंगलाच्या वाटेवर ऊन नीट वर आल्यावर शिरावे आणि ते उतरण्याच्या आत बाहेर पडावे. आमच्या चौघांची पहिली चूक हीच होती.

तिसरी गोष्ट ऋतूची. हिवाळ्यात बोरे पिकतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात, पुढे जांभळे येतात. मधल्या काळात उंबर असतोच. फळलेल्या झाडाखाली अस्वल असणार असे धरूनच चालावे. अस्वलीण बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान कपारीत वा बिळात विते आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांची झाली की त्यांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. म्हणजे फेब्रुवारी-मार्च हा काळ पाठीवर पिल्लू असलेल्या आईचा. आमची दुसरी चूक ती. उन्हाळ्यात पाणवठे टाळावेत. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा, पावसाने वाढलेले गवत अजून उभे असते. वाट दिसते पण वाटेच्या कडा दिसत नाहीत. या दिवसांत वेग आणखी कमी करावा.

वाटेवरच्या खुणा वाचायला शिकावे. फोडलेली वारुळे, जमिनीत नखांनी खणलेले खोल खड्डे, बोरीच्या बिया आणि किड्यांची कवचे दिसणारी विष्ठा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे. खड्ड्यातली माती ओली आणि गडद असेल तर पाहुणा नुकताच उठून गेला आहे. अशा वेळी उतरावे, बोलत बोलत सायकल हातात धरून चालावे किंवा सरळ मागे फिरावे.

बाकीचे थोडक्यात. एकट्याने जाऊ नये. चौघांनी जावे आणि एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहावे. पुढचा अर्धा किलोमीटर निघून गेला तर चौघेही एकटेच. कानांत गाणी नकोत. कुत्रा बरोबर नको. तो अस्वलाला डिवचतो आणि घाबरून धन्याकडे पळत येतो, मागोमाग अस्वल. कपारी, गुहा, दाट जाळ्या यांत डोकावू नये, आडोशालाही तिकडे जाऊ नये. परदेशात अस्वलासाठी मिरचीच्या अर्काचा मोठा फवारा मिळतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही आणि मिळाला तरी काढून वापरायला जो वेळ लागतो तो वेगाने येणाऱ्याजवळ नसतोच.

दोन मित्रांची गोष्ट

अस्वल आणि दोन मित्र ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. एक झाडावर चढला, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडला, अस्वलाने त्याच्या कानाशी हुंगले आणि ते निघून गेले. इसापाची ही गोष्ट संकटात सोडून जाणाऱ्या मित्राविषयी आहे. पण अस्वलाविषयी तिच्यात जे आहे ते अर्धे खरे आहे. झाडावर चढणे व्यर्थ, कारण आपले अस्वलही झाडावर चढते. पडून राहणाऱ्याचे मात्र बरोबर होते, फक्त त्याची वेळ ओळखता आली पाहिजे.

अस्वल लांब आहे आणि त्याने पाहिलेले नाही, तर थांबावे, आवाज न करता मागे फिरावे, त्याला वाट मोकळी ठेवावी. त्याने पाहिले असेल तर सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये आडवी धरावी, खालच्या सुरात बोलत राहावे आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकावे. चौघे असतील तर चौघांनी खांद्याला खांदा लावून उभे राहावे. ते दोन पायांवर उभे राहिले म्हणजे हल्लाच करणार असे नाही. पुष्कळदा नीट पाहण्या-हुंगण्यासाठी ते उभे राहते. पळू नये. सायकल वळवून पळ काढण्याचा मोह होतो; पण ती वळवून, गिअर जुळवून, चढावर गती घेईपर्यंत अस्वल पोहोचलेले असते आणि तोवर आपली पाठ त्याच्याकडे झालेली असते. दगड मारू नये. फोटोसाठी थांबू नये.

ते खरोखरच अंगावर आले आणि भिडले, तर पालथे पडावे, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफलेली, कोपरांनी चेहऱ्याच्या कडा झाकलेल्या. हेल्मेट आणि पाठीवरची पिशवी काढू नये; त्या वेळी तेच चिलखत. ते उलटवू पाहील तर लोळून पुन्हा पालथे व्हावे. आपण धोका नाही एवढे पटले की बहुधा ते निघून जाते. ते लांब गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये.

नंतर रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा आणि १०८ला फोन करावा. चावा किंवा ओरखडा लहान दिसला तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा आणि धनुर्वाताबरोबर रेबीजची लस घ्यावी. वन्य सस्तन प्राण्याच्या जखमेला हे लागतेच. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आपण बचावलो म्हणून गप्प बसू नये, याचे कारण पुढे येईल.

इथे एक इशारा द्यायला हवा. संभाजीनगरच्या आसपासच्या वाटांवर अस्वलापेक्षा बिबट्याशी गाठ पडण्याचा संभव अधिक. डिसेंबर २०१९मध्ये तो सिडकोच्या एन-१ भागात शिरला होता. जुलै २०२४मध्ये उल्कानगरीतल्या कॅमेऱ्यात दिसला आणि कित्येक दिवस शहराने दारे लवकर लावून घेतली. बिबट्यासमोर आडवे पडण्याचा नियम लावू नये. त्याच्या नजरेत वाकलेले, बसलेले, लहान दिसणारे शरीर भक्ष्यासारखे असते. तिथे ताठ उभे राहावे, सायकल डोक्यावर उचलून मोठे दिसावे, ओरडावे, पाठ न दाखवता मागे यावे आणि झोंबलाच तर हाताला येईल त्याने प्रतिकार करावा. अस्वल घाबरून येते, म्हणून त्याची भीती घालवायची. बिबट्या भक्ष्य समजून येतो, म्हणून त्याचा तो समज मोडायचा.

पुन्हा वाडीत

दुसऱ्या दिवशी त्या नाल्यात बायका सरपणाला गेल्या का, हे मी त्या वेळी विचारले नव्हते. कोपराला मलमपट्टी करून, फोटो काढून, आम्ही गाडीत बसलो होतो. परतीच्या वाटेवर अजिंठ्याच्या फाट्याशी चहा पिताना त्या अस्वलाची गोष्ट मी चारदा सांगितली आणि दर वेळी ते थोडे मोठे होत गेले. बाबांचे दुसरे वाक्य मी कोणालाच सांगितले नाही.

आठवडाभराने ते सहन होईना म्हणून एकटाच बसने गेलो. बायका चार दिवस त्या नाल्याला गेल्या नव्हत्या. लांबच्या दुसऱ्या टेकाडावर जाऊन त्यांनी मोळ्या आणल्या होत्या. येता-जाता दोन तासांचा जास्तीचा फेरा. इजा कोणाला झाली नव्हती. माझ्या तीन सेकंदांच्या मजेची भरपाई त्यांच्या पायांनी केली होती. मी वनरक्षकाला कळवले असते तर त्याने आजूबाजूच्या वाड्यांनाही सांगितले असते. तेही मी केले नव्हते.

दचकवलेल्या प्राण्याची भीती लगेच ओसरत नाही. एकदा अंगावर आदळणाऱ्या माणसाचा अनुभव घेतलेले अस्वल पुढच्या माणसाला किती अंतरावर सहन करील, हे कोण सांगणार? तो पुढचा माणूस सायकलवरचा नसतो. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसते, पाठीवर पिशवी नसते, बरोबर चौघे नसतात आणि त्या वाटेने जायचे की नाही, हे ठरवण्याची मुभाही त्याला नसते. आपण रविवारी जंगलात सोडून आलेली भीती सोमवारी त्याच्या वाट्याला येते. म्हणून सायकलस्वाराची सुरक्षितता ही त्याची एकट्याची बाब नाही.

मी त्या वाटेने अजून जातो. ऊन वर आल्यावर जातो, फेब्रुवारी-मार्च वगळून जातो आणि आधी वाडीत थांबून विचारतो. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे उतरतो, सायकल हातात धरतो आणि घसा साफ करून "होऽ" म्हणतो. गेल्या खेपेस नाल्याच्या पलीकडून लगेच "होऽऽ" असे उत्तर आले. सरपण तोडणाऱ्या बायका हसत होत्या.